पॉलिशवाल्याचं रॉकेट

पॉलिशवाल्याने उभ्या जन्मात एकच गोष्ट मनापासून मानली होती: सांधा दिसता कामा नये. कपाट असो, पलंग असो, नाहीतर मोडून दोन तुकडे झालेली खुर्ची असो, त्याच्या हाताखालून गेली की जोड कुठे होता हे गिऱ्हाइकाला बोट फिरवूनही सापडायचं नाही. मग गिऱ्हाईक "वा!" म्हणायचं. त्या एका "वा"साठी हा माणूस दोन दिवस उपाशी राहील असं त्याची बहीण म्हणायची, आणि बहिणी अशा बाबतीत सहसा चुकत नाहीत.

तर अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर रॉकेटचं खूळ लागलं. त्याचं असं झालं की एक दुरुस्त केलेलं टेबल पोचवायला तो शहराबाहेर गेला होता आणि येताना बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानात त्याला आठ-दहा मोठी माणसं आकाशाकडे तोंड करून उभी दिसली. पुठ्ठ्याच्या नळीचं, हलक्या लाकडाच्या पंखांचं हातभर रॉकेट फुस्स करून वर गेलं आणि लाल पॅराशूटला लोंबकळत आरामात खाली आलं. बास. पॉलिशवाला तिथेच विरघळला. पुढच्याच महिन्यात तो त्या हौशी मंडळाचा सभासद झाला. मंडळाचे म्होरके म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शास्त्राचे मास्तर. बोलणं कमी आणि नियम कडक.

घरी हा आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. याने लग्न केलं नाही, तिचं टिकलं नाही, म्हणून बिऱ्हाड एक. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. गेली पस्तीस वर्षं ती बाजारपेठेतल्या छत्र्यांच्या दुकानात काड्यांवर कापड ताणून शिवत होती. पस्तीस वर्षांत तिच्या हातची छत्री कधी परत आली नव्हती. मात्र या वर्षी दोन आल्या. दोन्ही कोपऱ्यात उसवलेल्या. मालक भला माणूस, काही बोलला नाही. पण तो बोलला नाही हेच ताईला लागलं.

रॉकेटचं पॅराशूट अर्थातच तिने शिवलं. जुन्या छत्रीचं पिवळं कापड, आठ दोऱ्या, आणि घडी अशी की बोटभर गुंडाळी व्हावी. ती गुंडाळी भावाच्या हातात ठेवताना ताई हसत म्हणाली, "धाकट्या, आता तुझ्या रॉकेटवरच ठरवते बघ. हे उघडलं तर अजून पाच वर्षं दुकानात जाते. नाही उघडलं तर कात्री मालकाला देऊन टाकते. हात गेला असेल तर उगाच लोकांना भिजवायचं कशाला?"

"काहीतरीच तुझं!" तो म्हणाला आणि पुन्हा घासायला बसला.

कारण त्याचं सगळं लक्ष रॉकेटच्या अंगावर होतं. पंखांच्या मुळाशी त्याने फटी बुजवायची लांबी भरली, ती वाळल्यावर घासली, पुन्हा भरली. लाकडाच्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत बारीक पॉलिशपेपर फिरवला. तोल बघायला दोरी बांधून गच्चीवर ते गरगर फिरवून झालं. ते नाक पुढे ठेवून सरळ फिरलं तेव्हा शेजारीण वाळत घातलेले कपडे काढून घेऊन गेली. मग लॅकरचे हात. एक, दोन, चार, पाच. इथवर सगळं ठीक होतं.

घोटाळा सहाव्या हाताला झाला. रॉकेटचं नाक म्हणजे टोकाचा लाकडी शंकू. तो नळीत नुसता बसवलेला असतो, चिकटवलेला नसतो. रॉकेट वर पोचलं की मोटरमधली, म्हणजे मागच्या दारूच्या नळकांड्यातली, शेवटची चिमूटभर दारू पुढच्या बाजूला फुटते, त्या दाबाने नाक सुटतं आणि आतलं पॅराशूट बाहेर पडतं. म्हणजे सगळ्या रॉकेटमध्ये हा एकच सांधा असा, जो सुटायलाच हवा. पण नाक आणि नळी यांच्या मधली ती केसाएवढी फट पॉलिशवाल्याच्या डोळ्यांत सलू लागली. तीस वर्षांची खोड. त्याने नाक घट्ट बसवलं आणि सहावा हात त्या फटीवरून सरळ फिरवला. वाळल्यावर रॉकेट असं दिसू लागलं की जणू एकाच लाकडातून कोरून काढलंय.

मास्तरांचा नियम त्याला पाठ होता. रॉकेट नाकाला धरून उचलायचं आणि हलकेच हलवायचं. नळी आपल्या वजनाने खाली सरकली पाहिजे, नाही सरकली तर उडवायचं नाही. पॉलिशवाल्याने ते केलं नाही. केलं असतं तर लॅकरला चीर गेली असती, आणि मग "वा" कोण म्हणणार?

रविवारी मैदानात "वा" भरपूर मिळाले. बँकेत काम करणारा एक सभासद म्हणाला, "हे उडवायचंय की शोकेसमध्ये ठेवायचंय?" सगळे हसले. ताई पहिल्यांदाच आली होती. ती बाजूच्या विटांच्या ढिगावर बसली होती, पदर सावरत.

"नाक बघितलंत ना?" मास्तरांनी विचारलं.

"बघितलं तर!" पॉलिशवाला म्हणाला. बघितलं होतंच म्हणा. दिवसभर दुसरं केलं काय होतं!

बटण दाबलं. रॉकेट सुंदर उडालं, हे त्याच्या शत्रूनेही कबूल करावं. सरळ, पांढरी रेघ ओढत, ठिपका होईपर्यंत. वर पोचलं, वळलं, आणि "फट्" असा बारीक आवाज आला. सगळ्यांनी पिवळं कापड शोधायला डोळ्यांवर हात धरले. कापड दिसलं नाही. रॉकेट नाक खाली करून सुसाट आलं आणि मैदानाच्या टोकाला झुडपांमागे कचकन आपटलं.

पॉलिशवाला सगळ्यांच्या आधी धावला. झुडपाआड गवतात रॉकेट पडलं होतं. नाकाचं टोक चेपलेलं, नळीला मुरड पडलेली, मागची मोटर गायब. नाक मात्र जागच्या जागी, घट्ट. त्याला एका क्षणात सगळं कळलं. दाबाला पुढे वाट मिळाली नाही, म्हणून मोटरच मागे उडून पडली. पॅराशूट आतच होतं, ताईने घडी घातली होती तसं.

मागून पावलं वाजत होती. आणि त्या चार-पाच श्वासांत त्याने जे केलं ते सांगताना आपल्यालाच कसंसं होतं. त्याने नाक दोन्ही मुठींत धरून पिळलं. लॅकर कट्‌कन तुटलं. त्याने आतली गुंडाळी ओढून काढली, कापड अर्धवट सोडलं, दोऱ्या बोटांनी एकमेकींत अडकवल्या आणि सगळं गवतावर टाकून दिलं.

"पॅराशूट उघडलं नाही," मास्तर पोचले तेव्हा तो म्हणाला. "दोऱ्या अडकल्या."

मास्तरांनी वाकून कापड पाहिलं. "घडी चुकली वाटतं. होतं असं. मोटर कुठाय?"

"आपटल्यावर उडाली असेल."

मास्तरांना ते पटलं. त्यांच्यामागे ताई धापा टाकत येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने फक्त वाकून कापड उचललं आणि दोऱ्या सोडवायला लागली. त्या चटकन सुटल्या. अडकवणाऱ्याला तरी धड अडकवायला वेळ कुठे मिळाला होता!

त्या रात्री पॉलिशवाल्याने मनाची समजूत घातली की आठवडाभरात ताई विसरेल. माणूस स्वतःला किती सहज गंडवतो पहा. ताई विसरली नाही. रोज दुकानातून आली की ती पॅराशूटची घडी घाले, त्याला दोऱ्याचं रिकामं रीळ बांधे आणि तिसऱ्या मजल्यावरून जिन्याच्या मोकळ्या जागेत सोडून देई. खाली भावाला उभं करी.

"उघडलं का रे?"

"उघडलं!"

"नीट?"

"नीट, ताई."

मग पुन्हा वर. पुन्हा घडी. पहिल्या दिवशी अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी सोळा. पिवळं कापड दर वेळी फुलासारखं उघडायचं आणि रीळ अलगद त्याच्या ओंजळीत यायचं. पॉलिशवाला खाली उभा राहून ते झेलायचा. शरमेने त्याच्या कानांच्या पाळ्या तापायच्या. सांगून टाकावं असं रोज ओठांवर यायचं. रोज वरून आवाज यायचा, "टाकू का?" आणि तो म्हणायचा, "टाक."

शनिवारी ताईने घडी घालणं थांबवलं. "झालं माझं बघून," ती म्हणाली. "घरी शंभर वेळा उघडतं आणि नेमकं तिथे उघडत नाही. छत्र्यांचंही तेच झालंय. शंभर चांगल्या आणि एखादी उसवते. म्हणजे हाताचा भरवसा राहिला नाही. सोमवारी मालकाला सांगते."

"आपण पुन्हा उडवू ना! तूच घडी घाल."

"नको बाबा. पुन्हा चारचौघांत नको."

रविवारी दिवसभर त्याने रॉकेट दुरुस्त केलं. हाताला काहीतरी हवं होतं म्हणून म्हणा, की त्या सांध्याकडे बघवत नव्हतं म्हणून म्हणा, त्याने नाकाचा आत जाणारा भाग घासून घासून बारीक केला, वर मेण चोळलं. लॅकरचा कणही ठेवला नाही. काम नेहमीसारखं चोख झालं.

सोमवारी सकाळी ताई चपला घालत होती तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. सहावा हात, न पाळलेला नियम, झुडपाआड पिळलेलं नाक, बोटांनी अडकवलेल्या दोऱ्या. काही राखून ठेवलं नाही. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकलं आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आण बरं ते नाक."

त्याने रॉकेट आणलं. तिने ते नाकाला धरून उचललं. नळी आपल्या वजनाने अलगद खाली सरकली.

"हे बघ. किती छान सुटतंय."

"अगं, मी काल घासलं ते!"

"हो, आणि मी काल जन्मले." तिने त्याच्या गालाला हात लावला. "तू सुधारणार नाहीस. आईचा आरसा फुटला तेव्हाही असाच पुढे झाला होतास. 'मी फोडला, मी फोडला' करत मार खाल्लास. मीच तो काठावर ठेवला होता. मला कळत नव्हतं होय?"

आरसा पॉलिशवाल्यानेच फोडला होता. चेंडू मारून. तेव्हाही तो खरंच बोलला होता, आणि एवढी वर्षं ही बाई तो आरसा आपल्या माथी घेऊन, वर त्याचेच उपकार मानत आली होती.

तो तिच्या मागोमाग दुकानात गेला. काउंटरशी उभं राहून त्याने मालकालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं, कामाला बसलेल्या दोन मुलींच्या देखत. "चूक माझी आहे. तिचा हात उत्तम आहे. खोटं मी बोललो," तो म्हणाला. मालक त्याच्या खांद्यावरून मागे बघत होता. पॉलिशवाल्याने समोरच्या कपाटाच्या काचेत पाहिलं. मागे उभी असलेली ताई मालकाला हाताने खुणावत होती: असू द्या, बोलू द्या त्याला.

"बाई, नशीब काढलंत," मालक म्हणाला. "बहिणीचा मान राहावा म्हणून कोण हो स्वतःचं नाक कापून घेतं?"

"माझा भाऊ असता तर म्हणाला असता, जा, घरी बसून चूल फुंक," कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, आणि दोघी त्याच्याकडे अशा कौतुकाने बघू लागल्या की त्याला दुकानातून पळून जावंसं वाटलं. आजवर मिळालेले सगळे "वा" एकीकडे आणि हा एकीकडे. तो परत करायची सोय नव्हती.

ताईने कात्री, सुयांची डबी आणि बोटात घालायचं अंगुस्तान मालकापुढे ठेवलं. मालकाने नको-नको म्हणून पाहिलं, मग घेतलं. "चल धाकट्या, घरी जाऊ," ती म्हणाली. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा तिने त्याचा हात धरला आणि त्याला पायऱ्या उतरवून बाहेर आणलं. तिचा हात जराही थरथरत नव्हता.