नातीच्या तारेवरची गोधडी

अंगणावरून कुणीतरी फुकटात दोरी बांधून दिली, असं समजून मी तिच्यावर ओलीगच्च गोधडी वाळत घातली. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची, म्हणजे अल्लडच. ती इंटरनेटची तार निघाली. सेक्टर दोनमधल्या आमच्या घरांच्या सगळ्या ओळीचं नेट बंद पडलं.

नेमका रविवार. मुलगा झांबियात. त्या देशाला समुद्र नाही, नेटची तार शेजारच्या देशांतून फिरून येते, म्हणून महाग पडते. तो आठवड्यातून एकदाच फोनच्या पडद्यावर तोंड दाखवायचा. आणि आज पहिल्यांदा नात दाखवणार होता!

तारवाला आला. बोलण्यावरून आपल्याच गोंदियाकडचा. देवळात शिरावं तशी चप्पल काढून शिडीवर चढला, गोधडी उतरवली आणि काठाला काठ जुळवून तिची घडी घातली. मग खाली बसून केसासारखी तार जोडताना त्यानं श्वास रोखला. बघून मीही रोखला. मला ठसका लागला, तो दचकला, जोड सुटला.

"एवढ्याशा तारेतून माही नात येईन का गा भाऊ?"

"तुम्ही खोकलल्या नाही तं येईन."

नात आली. टकली, रडकी, थेट माझ्या सासूबाई!

डोळे पुसत बाहेर आले, तर तारेखाली नायलॉनची दोरी ताणलेली आणि तिच्यावर माझी गोधडी. शिडी खांद्यावर घेत तो म्हणाला,

"मावशी, खालची दोरी गोधडीची, वरची नातीची. अदलाबदल करू नका, नाहीतर तिले तिकडे आजीच्या जागी गोधडी दिसन."