न्यायला आल्याशिवाय

आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या देवळातून एक भुयार निघतं आणि ते थेट साताऱ्याच्या किल्ल्यावर जातं. त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नसतं, पण त्यातून जाऊन आलेल्या माणसाला ओळखणारा एक तरी म्हातारा गावात असतोच. कृष्णेतल्या बेटावरचं महादेवाचं देऊळ याला कसं अपवाद असेल? तिथलं भुयार तर नदीच्या पात्राखालून जातं. पर्यटकांना पलीकडे नेणारा नाववाला हे रोज सांगतो आणि दर वर्षी त्यात थोडी भर घालतो. यंदा भुयारातून घोडेस्वार जायला लागले आहेत. मी काही बोलत नाही. ऐकणाऱ्यांची तोंडं उघडी राहतात, पोरं देवळाच्या फरशीला कान लावून बघतात, आणि त्याचा रविवार चांगला जातो.

बेट माझं नाही, माझ्या आईचं. तिचं माहेर तिथलं. खरा इतिहास भुयारापेक्षा साधा आहे. कुण्या सरदाराचा नवस फळला म्हणून त्यानं काळ्या दगडाचं देऊळ आणि दोन्ही काठांना चार-चार पायऱ्यांचा घाट बांधला. देवापुढं रोज दिवा लावायला कुणीतरी हवं, म्हणून आईच्या पूर्वजांना तिथं वसवलं. दिव्याच्या बदल्यात जमीन मिळाली. नदी दर पावसाळ्यात त्या जमिनीवर गाळाची मळी आणून टाकायची आणि त्या मळीत अशी वांगी पिकायची की देठ काढताना हाताला मऊ लागायची. एकाची पाच-सहा घरं झाली, तिथंच थांबली. बेटाला वाढायला जागाच नव्हती.

शेवटच्या मोठ्या महापुरानंतर ती घरंही उठली. सगळ्यांना अलीकडच्या काठावर, गावाबाहेरच्या पुनर्वसन वसाहतीत जागा मिळाल्या. बेटावर आता देऊळ आहे, झाडं आहेत, आणि रविवारी सांगलीपासून कऱ्हाडपर्यंतच्या मोटारी भरभरून येणारी माणसं आहेत. थंडीत बगळे येतात, चक्रवाक येतात. घाटावर चुलीवरची भाकरी आणि वांग्याचं भरीत मिळतं. फोटो काढायला लाल बदामाची लोखंडी कमान उभी केली आहे. देवळात महादेव एकटा बसलेला असतो आणि बदामापुढं रांग असते. मी चिडते, पण मीही एकदा त्या बदामात उभी राहून फोटो काढून घेतला आहे, हे इथंच सांगून टाकते.

आईनं मात्र घरं उठल्यापासून बेटावर पाय ठेवला नव्हता. त्याचं कारण गुडघे नव्हते. कारण होती तिथली रीत.

बेटाची लेक सासरी गेली की पुन्हा आपणहून बेटावर यायची नाही. तिनं अलीकडच्या घाटावर उभं राहून हाळी द्यायची, आणि घरचं माणूस हातातलं काम टाकून तिला न्यायला यायचं. माझ्या लहानपणी मामा यायचा तो काईल घेऊन. काईल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भलीमोठी पसरट कढई. आमच्याकडं तिचीच नाव होते. दोन्ही अंगांनी सारखं वल्हवलं नाही तर ती जागच्या जागी गरगर फिरते. मामा मुद्दाम एकदा तरी फिरवायचा, मी किंचाळायची, आणि आई खोटंखोटं रागवायची. घाटावर उभं राहून "दाऽऽदा" म्हणून हाळी देणारी आई ही माझी घरातली आई नव्हतीच. घरात तिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. घाटावर मात्र तिच्या आवाजानं पलीकडची पाखरं उडायची.

मामा वसाहतीत आल्यावर वर्षभरात गेला. त्याचा मुलगा सैन्यात, बायकोमुलांसह दूर उत्तरेत. मग आईला हाळी द्यायला पलीकडं उरलं कोण?

या वर्षी माघ लागला तशी ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात सारखं एकच बोलू लागली. "पुढच्या माघाला मी असंन का न्हाई काय सांगावं. एकदा बेट बघून आली म्हंजी सुटली." डॉक्टरांनी तिच्या छातीबद्दल जे सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं. तेव्हा मी ठरवलं की काही झालं तरी हिला न्यायचंच. गाडी केली, गर्दी नको म्हणून मधला वार धरला, आणि सकाळी सकाळी आम्ही घाटावर पोचलो.

तिकीट काढून मी वळून बघते तर आई पायरीवर बसलेली. नाव लागली, माणसं चढली, मी हात पुढं केला. ती जागची हलेना.

"मला कुणी न्यायला आलंय व्हय?" ती म्हणाली.

"अगं, नाव आली आहे ना! आणि आता कोण बघतंय?"

"न्यायला आल्याबिगर गेलं की माणूस पाव्हणं हुतंय. मी काय तिथली पाव्हणी हाय?"

मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. रीत पाळायला ती घरंच कुठं राहिली आहेत, असं मी म्हणाले. ती पाण्याकडं बघत बसली. नाव गेली, आली, पुन्हा गेली. इतक्या लांब येऊन, समोरच्या पाण्यापलीकडं आपलं घर असताना ही बाई न जाताच परत फिरणार, हे मला दिसू लागलं. रागावू कुणावर? शेवटी तिला पाण्याची बाटली दिली आणि मी वसाहतीकडं निघाले. तिथं मामी होती.

मामीचं माहेर कोरेगावकडचं, कोरडवाहू. लग्न होऊन आली त्या दिवशी काईल फिरली आणि ती शालूवरच ओकली, ही गोष्ट मामा जन्मभर हसून सांगायचा. मामी कधी हसली नाही. तिला पोहता येत नव्हतं. दर पावसाळ्यात धान्य, शेळ्या आणि लेकरू घेऊन देवळाच्या ओवरीत चढून बसायचं आणि पाणी कधी उतरतंय ते बघायचं, यात तिची उमर गेली. वसाहतीत आल्यावर तिनं जाहीर करून टाकलं होतं की त्या बेटावर आता मेली तरी जाणार नाही.

ती दारात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"मी त्या बेटावर जायाची न्हाई. सांगितलंय की मागंच," ती म्हणाली.

"माहीत आहे, मामी. पण आता घरचं म्हणून तुम्हीच आहात."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "कवाधरनं बसल्यात वन्सं?"

"सकाळपासून."

"खाल्लंय काय?"

"नाही."

"लय हट्टी हायती. पैल्यापासनं." मामी उठली. सूप आत ठेवलं, दाराला कडी घातली, आणि माझ्यापुढं चालू लागली.

घाटावर आल्यावर मला वाटलं होतं दोघी गळ्यात पडतील. मामीनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही. आईजवळून सरळ पुढं गेली आणि नावेत चढली. आईनंही मान फिरवली नाही. न्यायला येणारं माणूस बेटावरून यायला हवं, अलीकडं भेटून कसं चालेल? दोघींना हे माहीत होतं. मीच तेवढी मध्ये बावळटासारखी उभी होते.

नाव सुटली. मामीनं डोळे मिटून दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. शेजारची कॉलेजची पोरं इंजिनाच्या आवाजावर गाणं म्हणत होती. पलीकडं नाव लागली, पोरं उड्या मारून उतरली, आणि सगळ्यांत शेवटी मामी. चिखलात पाय ठेवून ती वळली आणि आमच्याकडं तोंड करून उभी राहिली.

आई उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. पदर नीट केला. तोंडाजवळ हात नेला आणि तिचे ओठ "दा" म्हणायला उघडले. मला ते स्पष्ट दिसलं. क्षणभर ती तशीच राहिली. मग तिनं श्वास घेतला.

"वयनीऽऽ!"

आवाज फाटका निघाला, पण पलीकडं पोचला.

"आली, वन्संऽऽ!"

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मामी त्याच नावेनं अलीकडं आली. नावेत आमच्याशिवाय कुणी नव्हतंच. मामीनं आईला हाताला धरून नावेत घेतलं, लाईफ जॅकेट उलटं घातलं, नाववाल्यानं सरळ करून दिलं. नदी ओलांडताना आईचा हात मामीच्या मांडीवर होता.

बेटावर घराची खूण म्हणून फक्त जोतं उरलं होतं, तेही घाणेरीच्या झुडपांत. त्यावर एक तरुण आपल्या बायकोचा फोटो काढत होता. आम्ही जवळ गेलो तसा तो अदबीनं म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

"आरं, तू माझ्या चुलीत उभा हायस," मामी म्हणाली. "तूच सरक."

तो दचकून पायाखाली बघत बाजूला झाला. त्याच्या बायकोनं वाकून मामीला नमस्कार केला.

मग दोघी जोत्यावर बसल्या. दार कुठं होतं यावरून वाद सुरू झाला. आई म्हणे नदीकडं तोंड करून. मामी म्हणे, तुमी सासरी गेल्यावर एका पुरात ती भिंत पडली, मग दार देवळाकडं काढलं. जातं इथं. देवळी इथं. शेळ्या इथं बांधत होतो. तुमच्या दादांनी ह्या कोपऱ्यात अंग टाकलं, की उठवायची सोय न्हाई. मामी बोटानं जागा दाखवत होती आणि आई बघत होती. हळूहळू आईचं बोलणं थांबलं. तिनं इथं बालपण काढलं होतं. मामीनं अख्खा संसार केला होता, आणि तो करताना एकदाही तिला हे बेट आवडलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही आईचं माहेर आईचं माहेर म्हणत आलो. हे कुणाचं तरी घर होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं. नाववाल्यानं शेवटच्या फेरीची हाक दिली. पोरं, तो फोटोवाला, सगळे घाटाकडं निघाले. आई उठली. तिचा चेहरा शांत होता, पोटभर जेवल्यासारखा. देवळाला हात जोडले आणि म्हणाली, "चला, वयनी. निघू या."

मामी उठली नाही.

"तुमी निघा, वन्सं," ती म्हणाली. "तुमास्नी हितनं जायाची सवय हाय. दर बारीला जात आलायसा, वाटंला लावायला मीच यायची घाटापत्तुर. मी ह्या घरातनं कवा गेलीच न्हाई. मला पाण्यानं काढली." आणि तिनं जोत्याच्या दगडावर तळहात ठेवला. "सुनंला कुणी न्यायला येत न्हाई. मी आता उठली, तर मला परत हितं कोन आनील?"

मी काही बोलणार होते. आईनं मला हातानं गप्प केलं. मग गुडघ्यांना धरून ती पुन्हा मामीशेजारी खाली बसली.

घाटावर नाववाला वाट बघत होता. थोड्या वेळानं त्यानं इंजिन बंद केलं.