रांगोळीत न काढलेला झरा

परदेशातल्या एका विद्यापीठाने आणि लोणावळ्याच्या आमच्या महाविद्यालयाने मिळून तिकोणा पेठेत बायकांसाठी प्रशिक्षण आरंभले होते. किल्ला पाहायला येणाऱ्यांना घरी उतरवून घ्यावे, जेवू घालावे, त्यातून गावाला उत्पन्न मिळावे, असा हेतू. मी मराठी शिकवते. दुभाषी म्हणून मला पाठवले.

पहिल्या दिवशी पाहुण्या प्राध्यापिकेने बायकांना देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगितले. सारवणाचा ओलसर वास अजून हवेत होता. चिमटीतून सुटणारी पांढरी रेघ जेमतेम ऐकू येईल अशी सरसरत होती. घरे उमटली, वाटा, भाताची खाचरे, धरणाचे पाणीही उमटले. किल्ल्याच्या पायथ्याचा उंबर मात्र उमटला नाही, की त्याच्या मुळाशी वाहणारा झरा. उन्हाळ्यात अर्धे गाव त्या झऱ्यावर जगते. त्याचेच दातांना कळ आणणारे पाणी मी सकाळी प्यायले होते.

रांगोळीचा डबा ज्यांच्या मांडीशी होता, त्या मावशींना मी हळूच विचारले, "झरा राहिला का?"

"ऱ्हाऊ द्या," वर न पाहता त्या म्हणाल्या. "धरणाच्या टायमाला बी आदी नकाशाच काढला व्हता, मंग जमिनी गेल्या. ताई, तुमी कुनाच्या बाजूच्या?"

"मी नुसती भाषेच्या बाजूची."

"मंग झालं तर. आमी बोललो न्हाई, तुमी सांगायचं न्हाई."

बायका पदराआड हसल्या. पाहुणी माझ्याकडे पाहून हसली. बायका का हसल्या, ते तिने विचारले नाही, आणि तेच मला खुपले. मग तिने फोनवर नकाशाचे छायाचित्र घेतले. तो बारीकसा आवाज मला जमीन मोजणाऱ्या साखळीसारखा वाटला.

दिवाळीनंतर ती छापील नकाशा घेऊन आली आणि तिने तो देवळाच्या भिंतीला लावला. शाईचा उग्र वास येत होता. उंबराच्या जागी हिरवा चौकोन होता. त्यावरचा मजकूर मी वाचून दाखवला: मोकळी जागा, प्रशिक्षण केंद्रास योग्य.

"मोकळी कुटं हाय ती?" मागून कुणीतरी पुटपुटले.

"आपुनच केली की गं मोकळी," मावशी म्हणाल्या.

नकाशात काही राहिले आहे का, असे पाहुणीने विचारले. मी ते मराठीत सांगितले. मावशींनी रांगोळीचा डबा उघडला, जमिनीवर उंबराचा गोल घेर काढला आणि त्याच्या बुडातून निघणारी एक वाकडी रेघ ओढली.

"सांगा हिला, हितं झरा हाय. पन उन्हाळ्यात पानी किती ऱ्हातं, ते न्हाई सांगायचं."

मी तेवढेच सांगितले. पाहुणी वाकली, रेघेकडे तिने नीट पाहिले आणि मला विचारले, उन्हाळ्यात पाणी किती असते?

मी मावशींकडे वळले. प्रश्न त्यांनी ओळखला होता; तो माझ्या तोंडून ऐकावा लागलाच नाही. त्यांनी डब्याचे झाकण लावले.