सगळ्यात खालची पट्टी

माझी आई मला कुठेही गाठते. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे, तोंडात कापूस कोंबलेला असताना, भिंतीवरच्या स्पीकरमधून. एकदा लिफ्टमध्ये. ऑफिसात तर रोजच. मी एका विमा कंपनीत तक्रारींचे फोन घेते. चिडलेल्या माणसाला "एक मिनिट हं" म्हणून थांबवलं की त्याच्या कानात संगीत सुरू होतं आणि त्या संगीताच्या मागे एक 'आ' पसरलेला असतो. तीस-चाळीस बायका धुक्यात उभ्या राहून गाताहेत असं वाटतं. त्या सगळ्या माझी आई आहेत.

हे भुताखेताचं प्रकरण नाही, मामाचं आहे.

मामा आईचा धाकटा भाऊ. कीबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत तो आवाज घडवायच्या खात्यात होता. बटण दाबल्यावर बासरी वाजायची तर ती आधी कुणीतरी आत भरावी लागते, ती भरणाऱ्यांतला हा एक. पुढे कंपनी बुडाली आणि तो वाद्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत कीबोर्ड दुरुस्त करायला लागला. तिथले सगळे त्याला कानसेन म्हणत. स्वभावानं घुमा. दहा प्रश्न विचारा, एका उत्तरात गुंडाळणार. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते आणि बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मी त्याच्याकडेच वाढले. माझ्या वेण्याही तोच घालायचा, वायर गुंडाळतात तशा घट्ट. शाळेतून येईपर्यंत माझं डोकं ठणकायला लागायचं.

आईचे फोटो घरात होते, चष्मा होता, आवाज मात्र कुठेच नव्हता. होता तो एवढाच. कंपनीला समूहाचा आवाज हवा होता आणि समूह बोलवायचा खर्च मंजूर नव्हता. तेव्हा मामानं बहिणीला बोलावलं. ती छान गायची. तिनं स्टुडिओत एकच 'आ' धरला आणि मामानं त्याच्यावर कोरस चढवला. तो आवाज कंपनीच्या प्रत्येक कीबोर्डमध्ये गेला, आमच्या घरातल्याही, आणि तिथून जिथेतिथे वाजणाऱ्या संगीतात.

"कोरस म्हणजे काय?" मी लहानपणी विचारलं होतं. आवाजाबद्दल विचारलं की मात्र घुम्याला वाचा फुटायची.

"एक आवाज घ्यायचा. त्याची नक्कल करायची. ती पापणी लवायच्या आत, पण किंचित उशिरानं सोडायची आणि जराशी डुलवायची. कधी सूर केसभर वर, कधी केसभर खाली. मूळ आणि नक्कल एकत्र वाजली की कानाला वाटतं, दोघी गाताहेत. मग आणखी नकला करायच्या. तिघी होतात, चौघी होतात."

घरातल्या कीबोर्डवर 'कोरस' लिहिलेलं एक बटण होतं. ते मला सापडलं त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. आईचा आवाज लावला, श्वास रोखला, बटण बंद केलं. बायका जरा मागे सरकल्या, पण होत्या तेवढ्याच राहिल्या.

"बाहेरचं बटण बाहेरचा कोरस बंद करतं," मामा म्हणाला. "मी घातलेला आत मुरलाय. चहात विरघळलेली साखर चिमटीनं काढता येते का?"

"मग आधीची टेप कुठेय?"

"तिच्यावर दुसऱ्या दिवशी ड्रम भरले. टेप महाग होत्या."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पोरवयातला राग, पण खोटा नव्हता. मला तीस-चाळीस आया नको होत्या. एक हवी होती, तीही घटकाभर.

त्याच कीबोर्डच्या डाव्या टोकाची, सगळ्यात खालची पट्टी दबायची नाही. तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी करून पाचर मारलेली होती. "बिघडलीय, हात लावायचा नाही," एवढंच मामा सांगायचा. मी चिडवायचे, "जगाचे कीबोर्ड दुरुस्त करतोस, आणि घरात दिव्याखाली अंधार!" एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो हसायचा. यावर कधी हसला नाही. मला वाटायचं, कारागिराला टोचत असेल.

अलीकडे कानसेनाचेच कान गेले. म्हणजे वरचे सूर गेले. चमचा पडलेला, पाखरू ओरडलेलं, माझा फोन वाजलेला त्याला कळेना. खालचे सूर शाबूत होते. त्यानं दुकानाच्या किल्ल्या परत केल्या आणि मला म्हणाला, "कीबोर्ड तू घेऊन जा. माझ्या काय उपयोगाचा आता?"

म्हणून एका रविवारी दुपारी मी फडकं घेऊन गेले. तो आत चहा टाकत होता. धूळ पुसताना पाचर हाताला लागली. नाहीतरी माझ्या घरी दुरुस्त करूनच घेणार होते, म्हणून ओढून काढली. आवाज आईचा लावलेला होता. बघू तरी काय बिघडलंय, म्हणून पट्टी दाबली.

काहीही बिघडलेलं नव्हतं.

त्या कीबोर्डच्या सगळ्या पट्ट्यांमध्ये आईचा तोच एक सूर आहे. उजवीकडे गेलं की तो भरभर वाजून बारीक होतो, डावीकडे गेलं की सावकाश वाजून जाड होतो. हे मला माहीत होतं. पण सूर सावकाश झाला की नकलांचा उशीरही लांबतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बाकीच्या पट्ट्यांवर त्या सगळ्या जणी आईला लगेच येऊन चिकटतात. इथे त्यांना यायला वेळ लागला.

तेवढ्यात ती एकटी होती. आधी एक खरखर आली, तुटक श्वास ओढल्यासारखी, आणि तिच्यामागून 'आ'चा नुसता उंबरठा. आवाज जाड होता, थेट मामासारखा. मग गर्दी आली. माझा हात पट्टीवरून निघेना.

मामा दारात उभा होता. चहाचं पातेलं हातात तसंच. हा सूर त्याला ऐकू गेला होता.

"पाचर काढलीस," तो म्हणाला.

"आई इथे होती. एकटी. तुला माहीत होतं."

त्यानं मान डोलावली.

"ती खरखर कसली रे?"

"धाप. स्टुडिओ वरच्या मजल्यावर होता. जिन्यात ती दोनदा थांबली. मी म्हटलं, म्हातारी झालीस का गं ताई? मग सूर धरला तर तो थरथरला. तिचा सूर आयुष्यात कधी हलला नव्हता. मी ऐकलं ते."

"मग?"

"कोरसमध्ये सगळंच थरथरतं. त्यात एक थरथर लपते. म्हणून इतका दाट घातला. आधीचा श्वास कापून टाकला. कापताना एवढासा राहिला."

त्यानंतर चारच महिन्यांत आई हृदयविकारानं गेली, हे मला ठाऊक होतं.

"डॉक्टरकडे ने, असं नाही वाटलं तुला?"

"आवाजातला दोष वाटला, पोरी. आवाजापुरता दूर केला."

दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकून घेणारी मी, पण त्या दुपारी मामाला नको नको ते बोलले. सगळं त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तो मान खाली घालून उभा राहिला. चहा गार झाला. शेवटी माझेच शब्द संपले तेव्हा मी विचारलं, "तिला ऐकवलं होतंस? तयार झाल्यावर?"

"ऐकवलं. हेडफोन काढेचना. खूप हसली. म्हणाली, 'एवढ्या जणी झाले की रे मी! मग यातली एक घरी पाठव. पोरगी उठली असेल, रडत असेल.'"

मामानं पातेलं खाली ठेवलं आणि पाचरेसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही. मुठीत घट्ट धरली, दुसऱ्या हातानं पट्टी दाबली, सोडली, परत दाबली. दर वेळी आधी ती एकटी येत होती.