निळा थेंब

आमच्या मित्रमंडळात दारू न पिणारा मी एकटाच. त्यामुळे सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या प्रत्येक बार्बेक्यूला माझी दोन कामं ठरलेली: ग्रुप फोटो काढायचा आणि शेवटी सगळ्यांना गाडीने घरी सोडायचं. मंडळी मुंबई-पुण्याची, मी तालुक्याच्या गावचा. वागायला सगळे प्रेमळ, पण गप्पा व्हिस्कीवर गेल्या की मी ज्यूसचा ग्लास घेऊन मुलांच्यात जाऊन बसे.

त्यातल्याच एका मित्राने रीतसर परवाना काढून गॅरेजमध्ये दारू गाळायचं भांडं बसवलं आणि मला फोन केला. "तू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एन्झाइम्सचंच बघतोस ना? मक्याचा पहिला मॅश तू लाव. जमलं तर दर शनिवारी हे खातं तुझं. नाही जमलं तर यूट्यूब आहेच."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ज्यांनी खस्ता खाऊन मला शिकवलं, त्यांच्या डोळ्यांपुढे दारूचं गॅरेज नक्कीच नव्हतं. तरी माझं शिक्षण अखेर मित्रांच्या उपयोगी पडणार, याने मला भरून आलं. शुक्रवारी मी लॅबमधल्या ज्युनिअरलाही उगाच प्रेमाने वागवलं.

शनिवारी बायको शिफ्ट संपवून थेट तिकडेच आली. आमचा मोठा कुकर मी बरोबर नेला होता. गॅरेजमध्ये सगळे जमले होते, म्हणून मी आधी मॅश म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मक्याचा भरडा शिजवायचा. तो बराच निवला की त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, भरडून घालायचं. माल्टमधली एन्झाइम्स मक्यातल्या स्टार्चची साखर करतात, आणि साखर झाली तरच यीस्टला खायला मिळतं. एन्झाइम्स फार नाजूक असतात, उकळलं की मेलीच, हेही मी दोनदा सांगितलं. सांगता सांगता भरडा, माल्ट आणि पाणी कुकरमध्ये घातलं, झाकण लावलं आणि चार शिट्ट्या केल्या.

आपल्याकडे कुकर लावताना कोण कुणाला अडवतं?

मग परीक्षा. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत धड अशी एकच बाटली होती, आयोडीनची. बटाट्यावर थेंब टाकायचा, निळा झाला की सर "शाब्बास" म्हणायचे. मी बशीत चमचाभर मॅश घेऊन बरोबर आणलेल्या आयोडीनचा थेंब टाकला. गडद निळा!

"निळा आला!" मी ओरडलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्राने पाठीत थाप मारली. "मानलं सर तुम्हाला!" आयुष्यात पहिल्यांदाच मी फोटो काढणारा नव्हतो, फोटोत होतो.

बायको बशीकडे बघत होती. "निळा म्हणजे स्टार्च ना? साखर झाली असती तर तो राहिला असता का?"

मग तिने कुकरकडे बघितलं. "तू माल्टपण आतच लावलंस? वरण-भातासारखं?"

हसता हसता मित्राला खाली बसावं लागलं. "अरे सायंटिस्ट, तूच म्हणालास ना, उकळलं की मेली!"

मी बशी धुवायला घेतली, कारण करण्यासारखं तेवढंच होतं. यूट्यूबचा शनिवार मला समोर दिसत होता. तेवढ्यात मित्राने उरलेल्या माल्टची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "सांगितलं तर सगळं बरोबरच होतंस. आता तसंच कर. तोंड बंद ठेवून."

कुकर उघडा ठेवून आम्ही थांबलो. मॅश पुरेसा निवल्यावर मी माल्ट घातलं, भांडं जुन्या रजईत गुंडाळलं आणि एक अक्षरही बोललो नाही. संध्याकाळी पुन्हा थेंब टाकला. तो तपकिरी होता तसाच राहिला; स्टार्चची साखर झाली होती.

सगळे खूश झाले. पुढचा शनिवार माझाच ठरला. मला मात्र बशीकडे बघून जरा वाईट वाटलं. शाळेत या थेंबाला सरांनी शून्य दिलं असतं.