व्याह्यांना सांगाल का?

लोकांची खरी मतं गोळा करायची मंजुषाची नोकरी होती, आणि निफाडकडे तिला खरं बोलणारं कुणी भेटत नव्हतं.

सिडकोत राहणारी ही बाई बोलण्यात मोठी पटाईत. एक कंपनी द्राक्षबागेत लावायचं यंत्र बनवत होती. हवा दमट झाली, रोगाची चिन्हं दिसली, की ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप धाडणार. विक्रीआधी काही बागांत ते फुकट लावून दिलं होतं, आणि ते कसं वाटतंय हे विचारत मंजुषा स्कूटरवर फिरायची. यंत्र बाजारात आलं की तिची नोकरी कायम होणार होती.

"कसंय यंत्र?"

"झ्याक हाय!"

"विकत घ्याल?"

"घेऊ की! च्या घ्या आधी."

दारी आलेल्या पाहुणीचं मन कोण मोडणार? कंपनीतले ओमसर खूश होते. मंजुषाला मात्र हे गोड बोलणं पचेना. 'मुलगी छान आहे, कळवतो' म्हणून गेलेली स्थळं तिनेही बघितली होती! म्हणून तिने प्रश्नच बदलला.

"हे तुमच्या व्याह्यांना घ्यायला सांगाल का?"

झालं! लेकीच्या सासरी फसवी वस्तू सुचवायची म्हणजे लेकीला जन्माचे टोमणे.

"नको बाई!" एका बागेचे मालक देवरामआप्पांनी कानाला हात लावला. "पावसाची भुरभुर झाली का मुकं होतंय ते. अन् रोग तवाच येतो."

मग बागेमागून बाग तेच ऐकू येऊ लागलं. मंजुषाला आधी स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, हे कळवलं तर विक्री थांबणार आणि तिची नोकरीही लटकणार. भुरभुर काय रोज असते, अशी तिने मनाची समजूत घातली आणि ओमसरांना काही कळवलं नाही.

शेवटची बाग ठमाबाईंची. त्यांनीही तेच सांगितलं, आणि वर विचारलं, "तुझी लेक कुठं दिली गं?"

"वणीकडे, मावशी. त्यांचीही द्राक्षं आहेत."

"मग तू सांगितलं का व्याह्यांना?"

मंजुषाला आठवलं. व्याह्यांनी गेल्या महिन्यात स्वतःहून चौकशी केली होती, तेव्हा तिने शिताफीने लोणच्याचा विषय काढला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. बांधावर उभी राहूनच तिने ओमसरांना फोन लावला.

"सर, पावसात यंत्र बंद पडतंय. सगळे मला तोंडावर चांगलं म्हणत होते, मीही तुम्हाला तेच कळवलं."

"मॅडम, सगळी तयारी झालीये. आता थांबवलं तर तुमचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

"नोकरी गेली तर मला फार वाईट वाटेल, सर," मंजुषा म्हणाली. "पण विकू नका."