डोक्याच्या हालचालीचा रकाना

टोमॅटो निवडताना बोटांना देठांचा उग्र वास लागला, की मला वडिलांचा उजवा हात आठवतो. अर्धांगवायूने तो गेला, तेव्हा मी पुण्यात मेंदूच्या स्कॅनवर संशोधन करत होतो. वडिलांना मशीनमध्ये झोपवून तो हात हलवायचा प्रयत्न करायला सांगितलं, आणि मेंदूत नेमक्या हाताच्या जागी ठिपका उजळला. पण डोकं हललं तरी असा खोटा ठिपका येतो, म्हणून हिशेबाच्या मॉडेलमध्ये डोक्याच्या हालचालीचा रकाना घातला, म्हणजे त्या हालचालीमुळे आलेलं सगळं वजा होतं. ठिपका गेला. रकाना काढला की यायचा, घातला की जायचा. दिवसभर मी तेच करत बसलो. रविवारी गावी, निरगुडसरला गेलो. वडील टोमॅटोच्या बांधावर बसले होते. “मशीनमध्ये कसं केलंत, दाखवा ना,” म्हणालो. त्यांनी दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या, डोकं लटलट हललं. हात मांडीवर तसाच पडून राहिला. “लई जोर लावला व्हता,” धापा टाकत ते म्हणाले, “दिसलं का रं काय?” मी “दिसलं” म्हणालो. पुण्याला येऊन रकाना मॉडेलमध्ये कायमचा ठेवला. वडील मात्र माझ्या त्या एका शब्दावर, मरेपर्यंत, रोज सकाळी बांधावर बसून हाताला जोर लावत राहिले.